आपल्या उपकरणात फेरफार करणाऱ्या हॅकरांशी कंपन्या कशा वागतात?

ठरलेली अशी एकच रीत नाही. कंपनीची कमाई कशातून होते, यावर बरंच अवलंबून असतं.

मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट घ्या, म्हणजे एक्सबॉक्स या गेम कन्सोलला जोडायचा, खेळणाऱ्याच्या हालचाली टिपणारा कॅमेरा. नोव्हेंबर २०१० मध्ये तो बाजारात येताच अ‍ॅडाफ्रूट या छोट्या कंपनीने त्याच्यासाठी मुक्त ड्रायव्हर (तो संगणकावर चालवणारं, सर्वांना खुलं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. मायक्रोसॉफ्टने आधी कायद्याची भाषा केली, तर अ‍ॅडाफ्रूटने बक्षीस वाढवत ३,००० डॉलरवर नेलं! आठवड्याभरात हेक्टर मार्टिन या हॅकरने ते जिंकलं. मग रोबोट बनवणारे, संशोधक, कलाकार असे सगळेच किनेक्टला आपल्या कामाला जुंपू लागले आणि कंपनीचा सूर बदलला. जून २०११ मध्ये तिने विंडोजसाठी स्वतःच डेव्हलपर किट, म्हणजे किनेक्टसाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं, दिलं.

सोनी मात्र कोर्टात गेली. प्लेस्टेशन ३ या आपल्या गेम कन्सोलवर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची सोय तिनेच दिली होती, आणि एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती काढून घेतली. जॉर्ज हॉट्झ या हॅकरने या कन्सोलची गुप्त की (सॉफ्टवेअर अधिकृत आहे का हे ठरवणारा संकेतांक) जाहीर केल्यावर जानेवारी २०११ मध्ये तिने त्याच्यावर दावा ठोकला. काही महिन्यांत तो तडजोडीने मिटला. कन्सोलवाल्यांची खरी कमाई गेम्सवर असते, त्यामुळे चोरीच्या प्रतींची भीती मला पटते. पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातली सोय नंतर काढून घेणं हा ग्राहकावर अन्यायच आहे, आणि या भांडणात माझी सहानुभूती हॉट्झकडे आहे.