शौलाला नाकारलं, मग दावीदाला का नाही?

प्रश्न : इस्राएलाचा राजा शौल याला अमालेकी या शत्रूंचं सगळं नष्ट करायची आज्ञा होती. त्याने त्यांची काही मेंढरं राखून ठेवली, एवढ्यावर देवाने त्याला राजा म्हणून नाकारलं. त्याच्यानंतरचा राजा दावीद याने आपला सैनिक उरीया याची बायको बथशेबा घेतली, उरीयाला लढाईत मरायला लावलं, तरी तो राजाच राहिला. देवाची मापं दोन आहेत का? आणि माझे पती वर्षभर अंथरुणाला खिळलेत, तो आमच्या एखाद्या आज्ञाभंगाचा परिणाम असेल का?

उत्तर : ताई, मी पहिल्यांदा बायबलमधल्या १ शमुवेल १५ या अध्यायावर, म्हणजे शौलाच्या याच प्रसंगावर, संदेश दिला तेव्हा तेविसाव्या वचनावर थांबलो होतो. शौल चुकला, शौल गेला. मेंढरं किती, यावरच माझं लक्ष होतं. पुढे तोच अध्याय सावकाश वाचला तेव्हा शौलाची उत्तरं कानात घुमू लागली. देवाचा संदेष्टा शमुवेल भेटताच शौल म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. मागे मेंढरं ओरडताहेत! मग म्हणतो, लोकांनी ती राखली, तुझ्या देवाला अर्पण करायला. ‘तुझ्या’ देवाला, हे मला फार जड वाटतं. मी पाप केलं, असं शेवटी तो म्हणतो खरा, पण लगेच मागणं काय? वडीलजनांसमोर माझा मान राख. त्याआधीच त्याने कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारलं होतं.

दावीदाकडे नाथान संदेष्टा गेला. श्रीमंताने हिरावून नेलेल्या गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दावीदाने ना बथशेबेवर ढकललं, ना सेनापती यवाबावर. मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे, एवढंच.

पण दावीद सुटला, असं मात्र समजू नका. कोकरी नेणाऱ्याने चौपट भरून द्यावं, हा निवाडा त्याने स्वतःच्याच तोंडाने दिला होता. नाथानाने क्षमा सांगितली, त्याच भेटीत तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हेही सांगितलं. बथशेबेला झालेलं बाळ सातव्या दिवशी गेलं. दावीदाचा मुलगा अम्नोन याला त्याच्या भावाने, अबशालोमाने, मारवलं. पुढे अबशालोम बापावर उठला आणि यवाबाच्या हातून मेला. दावीदाच्या मागे त्याचा आणखी एक मुलगा अदोनीयाही मारला गेला. या चौघांत तो चौपट निवाडा दिसतो, असं पुष्कळांनी म्हटलंय. शास्त्र तसं शब्दांत सांगत नाही, पण मला ते वाचून दरवेळी कापरं भरतं.

आणि शमुवेल! शौलाला निवाडा सांगण्याआधी तो रात्रभर परमेश्वराकडे आक्रोश करत होता, नंतरही त्याच्यासाठी शोक करत राहिला. निवाडा सांगणाऱ्याचं मन कसं असावं, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आता पतींविषयी. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, पाप कोणाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. दावीदाला त्याचं पाप नाथानाने तोंडावर, नाव घेऊन सांगितलं होतं. तुमच्या दाराशी असा कोणी नाथान आलेला नाही. आजाराकडे बघून पाप हुडकत बसू नका, ताई. आज रात्री त्यांचा हात हातात घेऊन २३वं स्तोत्र मोठ्याने वाचा.