कॅन्सर झालेल्या कुत्र्याला लस द्यावी का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून इतक्यांदा येतोय, की यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रेबीजच्या लशीत विषाणू मेलेला असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांवरच्या एकत्रित लशीत तो जिवंत, पण दुबळा केलेला असतो. कॅन्सरच्या कुत्र्यात या दोन लशींचा निर्णय वेगवेगळा होतो.

आमची कुत्री ९ वर्षांची. मागच्या सडाजवळ लिंबाएवढी गाठ आहे. खाते-पिते, वावरात जागलीला येते. रेबीजची लस पुढच्या महिन्यात आहे. गावातले एक जण म्हणतात, गाठ असल्यावर लस चालत नाही. (वरुड तालुका)

चालते. खाणारी, फिरणारी, ताप नसलेली कुत्री नुसत्या गाठीमुळे लशीला अपात्र ठरत नाही. डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि रेबीजची लस वेळेवर द्या. मला काळजी आहे ती गाठीची. सडांजवळच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, आणि गाठ लहान असताना काढली तर कुत्री वाचण्याची शक्यता जास्त असते. लिंबाएवढी होईपर्यंत वाट पाहिलीत, आता सोयाबीन निघेपर्यंत थांबू नका. छातीचा एक्स-रे काढून गाठ फुप्फुसात पसरली आहे का, ते आधी बघावं लागतं. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. ऑपरेशनच्याच दिवशी लस मात्र नको. दुसऱ्या दिवशी ताप आला, तर तो लशीचा की टाक्यांचा हे कळत नाही.

लशीमुळेच कॅन्सर होतो का? (मूर्तिजापूर)

नाही. टोचलेल्या जागी गाठ होण्याचा प्रकार मांजरांत क्वचित दिसतो, कुत्र्यांत तो फारच विरळ आहे.

कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्त ठिबकायचं. सगळे म्हणाले उष्णता आहे, ताक पाजा. डॉक्टरांनी टीव्हीटी (एका कुत्र्यातून दुसऱ्याला लागणारा गाठीचा कॅन्सर) सांगून व्हिन्क्रिस्टीनची दोन इंजेक्शनं दिली. रक्त कमी झालंय. याच आठवड्यात एकत्रित लस देऊन टाकू का? (हिंगणघाट)

नको. व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी जिवंत विषाणूची लस देत नाहीत. कोर्स संपू द्या, रक्त तपासा, मग डॉक्टर तारीख देतील. रेबीजची लस थकली असेल तर तेही त्यांना आजच सांगा. मेलेल्या विषाणूच्या लशीने कुत्र्याला रेबीज होत नाही, पण पेशी कमी असताना तिचा असर कमी पडू शकतो, म्हणून दोन इंजेक्शनांच्या मधला योग्य दिवस तेच ठरवतील.

टीव्हीटी समागमातून आणि चाटण्यातून पसरतो आणि कोर्स पूर्ण केला तर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. रक्त थांबलं म्हणून कोर्स अर्धवट सोडला की गाठ परत येऊ शकते. इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्या. ते शिरेतच जावं लागतं, बाहेर सांडलं तर मांस सडतं.

कुत्र्याच्या जबड्याखाली गाठी आल्या, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू आहेत. परवा रात्री कोल्ह्याशी झुंजला, कानाला आणि पायाला दात लागलेत. मागची रेबीजची लस दीड वर्षापूर्वीची. शेजारी म्हणतात, आधी कॅन्सरचा इलाज होऊ द्या. जखमेवर चुना लावलाय. (चिमूर तालुका)

हे वाचत असाल तर कुत्र्याला घेऊन आत्ता निघा. परवा दात लागले आणि तुम्ही शेजाऱ्याला विचारत बसलात, हे मला सहन होत नाही. इथे कॅन्सरचा विचार दुसरा. लिम्फोमाला औषध आहे, रेबीजची लक्षणं दिसल्यावर औषध नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. रेबीज आहे का हे कळावं म्हणून कोल्ह्याला धरून दहा दिवस बघताही येणार नाही.

चुना पुसून टाका. चुना, मिरची, हळद, जळकं तेल यांनी विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा. दोन दिवस झाले तरी धुवा. मग लस. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून किती डोस आणि कोणत्या दिवशी हे डॉक्टर आधीची नोंद बघून ठरवतील. गोळ्यांची चिठ्ठी आणि लशीचं पुस्तक सोबत न्या. गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम सोडल्या तर कुत्रं ढासळतं.

आणि तुम्ही? त्या रात्री झुंज सोडवताना, नंतर चुना लावताना ज्यांचे हात लागले, त्या सगळ्यांनी आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. हातावर साधा ओरखडा असला तरी जावं. तिथे लस मोफत मिळते. मांत्रिकाकडे, पट्टी बांधणाऱ्याकडे जाण्यात घालवलेला दिवस परत मिळत नाही. लक्षणं बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. घरात लेकरं आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर पुढचे काही महिने कुत्र्याला वेगळं बांधा. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

दुकानदार म्हणतो, लस घेऊन जा, घरीच टोचा, डॉक्टरची फी वाचेल. कॅन्सरसाठी ताकद वाढवायचं टॉनिकही देतो. (दारव्हा)

दोन्ही घेऊ नका. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. मे महिन्यात ती पिशवीत घालून मोटारसायकलने आणलीत, तर टोचता ते नुसतं पाणी ठरू शकतं. बर्फाला चिकटवून आणली आणि गोठली, तरी रेबीजची लस बाद. फ्रिजची वीज रात्री किती तास गेली होती, हे दुकानदार सांगत नाही. डॉक्टर टोचतात तेव्हा पुस्तकावर बाटलीचं लेबल चिकटवतात, सही करतात. उद्या कुत्रं कुणाला चावलं तर तीच नोंद कामी येते. टॉनिकने कॅन्सर बरा होत नाही. ते पैसे तपासणीला ठेवा.

कुत्रा १३ वर्षांचा, कॅन्सर पसरलाय, चार दिवस खात नाही, घरातच पडून असतो. लशीची तारीख आली आहे. (काटोल)

एकत्रित लस नको. रेबीजचंही डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, कारण लस खाणाऱ्या-फिरणाऱ्या, ताप नसलेल्या जनावरासाठी असते. दुखण्यासाठी घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. कुत्र्याला चालतील अशा दुखण्याच्या गोळ्या मिळतात, त्या आजच लिहून घ्या.