‘काही केल्याशिवाय लोक काहून मारतीन?’

‘मॅडम, पोराले शाळेत पाठवू का नाई?’ आर्णी तालुक्यातल्या एका आईनं मला विचारलेला प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा दुसरीत, पण कित्येक दिवस घरातच. आधी व्हॉट्सॲपवर ‘पोरं पळवणारी टोळी’ आली. मग त्याच आठवड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या एका नाथजोगी म्हाताऱ्याला गावातल्या पोरांनी बसस्टँडवर मारलं. पोलीस पाटील मधे पडले म्हणून तो वाचला. झोळीत निघालं ते पीठ, आधार कार्ड आणि बीपीच्या गोळ्या.

तरी बाईंचं म्हणणं एकच, ‘काही केल्याशिवाय लोक काहून मारतीन?’

खरी गाठ इथे आहे. टोळीचा पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून म्हाताऱ्याला बसलेला मारच पुरावा झाला. अफवा खोटी म्हटली, तर आपल्या माणसांनी निरपराधाला मारलं हे कबूल करावं लागतं. त्यापेक्षा अफवा खरी मानणं सोपं जातं.

अशा वेळी ‘सगळं खोटं आहे’ इथून सुरुवात केली की माणूस मिटतो. नवऱ्यानं ‘येडी झाली का’ म्हणून उडवून लावलं, तेव्हा बाई बोलायच्या थांबल्या आणि रात्री अंथरुणात आणखी व्हिडिओ पाहू लागल्या. म्हणून आधी भीतीच्या हाताला काम दिलं. मुलाला आईचा नंबर पाठ. घ्यायला कोण येणार हे सकाळीच ठरलेलं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर दाराच्या मागे लिहिलेला. बाईंनी आधी वर्गाच्या दारापर्यंत जायचं, मग फाटकापर्यंत, मग शेजारच्या पोरांच्या घोळक्यात त्याला सोडायचं. दर टप्प्याला भीतीला दहापैकी गुण द्यायचे. चारच्या खाली आल्यावरच पुढचा टप्पा. आठवर असताना घाई केली, तर मूल पुन्हा घरी बसतं आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

मूल शाळेत जाऊ लागल्यावर मोबाईल उघडला. मेसेजवर दोन बाण, म्हणजे तो अनेक हातांतून फिरून आलेला. गाव नाही, तारीख नाही, ठाण्याचं नाव नाही. क्लिप २०१८ मध्ये देशभर फिरलेलीच होती: कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म, मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार केलं. तेही भिक्षेकरीच, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले.

बाई म्हणाल्या, ‘पण यानं सांगाले पाह्यजे होतं ना, मी चोर नाई म्हणून.’ यावर वाद घातला नाही. पोलीस पाटलांना विचारून या, एवढंच सांगितलं. त्या विचारून आल्या. म्हातारा मार खाताना आधार कार्ड पुढे धरत होता. ते कुणी हातात घेतलं नाही. भटक्याला गाव नसतं, ओळख देणारा शेजारी नसतो, म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावर येतो आणि माफी मागायला कुणी जात नाही. त्या दिवशी बाईंनी म्हाताऱ्याचं नाव विचारलं. तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं.

बचत गटाच्या ग्रुपवर काय लिहायचं, हे त्यांनीच ठरवलं. अफवेचा मजकूर पुन्हा टाकायचा नाही, त्यानं ती आणखी पसरते. थेट लिहायचं: ‘ठाण्यात विचारलं, आपल्याकडे मूल पळवल्याची नोंद नाही. कोणाला घेरलेलं दिसलं तर ११२ वर गाव, ठिकाण आणि किती लोक आहेत ते सांगा.’