नोकरी गेली, भत्ताही नाकारला. आता ८,००० रुपये घालून अपील करू का?

घणसोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात सहा वर्षं चार महिने माल तपासणीचं काम. पगार १८,००० रुपये, त्यात मूळ पगार १२,०००. ओव्हरटाइमच्या पैशांवरून सुपरवायझरशी बाचाबाची झाली आणि १४ ऑगस्टनंतर गेटवरूनच परत पाठवायला लागले. लेखी काही दिलं नाही. त्यांनी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारी भत्त्याचा दावा केला. मालकाने ‘गैरवर्तनामुळे काढलं’ असं कळवलं, म्हणून तो नाकारला गेला. आता ओळखीतला एकजण ८,००० रुपये आगाऊ घेऊन अपील करून देतो म्हणतोय. यजमान म्हणतात, नाद सोड, पीएफ काढ आणि दुसरं काम बघ. यजमानांचा पगार २४,०००, खोलीचं भाडं ११,०००, मुलगी चौथीत.

ताई, नाद सोडू नका. पण ८,००० कुणाच्या हातात ठेवू नका.

आधी भत्ता किती येतो ते पाहू. मागच्या दोन वर्षांची मिळकत ७३० दिवसांनी भागतात आणि त्याच्या ५० टक्के रोज, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच मिळतात. तुमच्या पगारावर दिवसाची सरासरी ५९२ रुपयांच्या आसपास येते, म्हणजे भत्ता रोजचा २९६. तीन महिन्यांचे सुमारे २६,६००. यातले ८,००० आधीच देऊन टाकले तर जवळजवळ एक तृतीयांश गेले, आणि निकाल तुमच्या बाजूने लागेलच याची हमी तो माणूस देऊ शकत नाही. नुसता भत्ता पणाला असता तर मीही तुम्हाला म्हटलं असतं की दोन-तीन अर्ज करा, नाही जमलं तर पुढे चला.

इथे मात्र त्याहून मोठी रक्कम अडकली आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. पाच वर्षं पूर्ण केल्यामुळे तुम्ही ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांना, पात्र आहात. मूळ पगार १२,०००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ वर्षं: ४१,५०० रुपयांच्या थोडं वर. ही ग्रॅच्युइटी कायद्याने ठरावीक कारणांसाठीच रोखता येते. कामाच्या ठिकाणी दंगा किंवा मारहाण केली असेल, नैतिक अधःपतनाचा गुन्हा घडला असेल, किंवा मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानीपुरती. ओव्हरटाइमवरून आवाज चढवणं यात बसत नाही. पण ‘गैरवर्तन’ हा शेरा तुम्ही आज मुकाट्याने मान्य केलात, तर उद्या ग्रॅच्युइटी मागायला जाल तेव्हा मालक तोच कागद पुढे करेल. म्हणून अपील करताना डोळ्यांपुढे २६,६०० नव्हे, ६८,००० ठेवा.

तुमची बाजू कितपत भक्कम आहे हे तीन गोष्टींवर ठरेल. आरोपपत्र मिळालं होतं का, चौकशी बसली होती का, आणि राजीनाम्यावर किंवा माफीनाम्यावर सही केली होती का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमची बाजू चांगली आहे. गैरवर्तनासाठी कामगाराला काढायचं तर आरोप लेखी द्यावे लागतात, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. गेटवरून परत पाठवणं ही चौकशी नव्हे. उलट, रीतसर चौकशीत चोरीसारखा आरोप सिद्ध झाला असता, तर मी तुमचा वेळ यात घालवू दिला नसता.

पहिला खर्च १० रुपयांचा. माहिती अधिकारात ईएसआयकडे अर्ज करा आणि मालकाने तुमच्या दाव्यावर काय उत्तर दिलं त्याची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती प्रत हातात आल्याशिवाय अपिलात नेमकं काय खोडायचं हे कुणालाच ठरवता येणार नाही, मग तो ८,००० घेणारा असो की वकील. तोवर ईएसआयच्या पोर्टलवर तुमची वर्गणी कुठल्या महिन्यापर्यंत भरली आहे आणि शेवटच्या महिन्यात नोकरी सुटल्याचं काय कारण टाकलंय ते पाहा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. तिथे एक कारण आणि मालकाच्या उत्तरात दुसरं असेल, तर हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं एका फाइलीत लावा.

मग शाखा व्यवस्थापकाला फेरविचाराचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. तिथे दाद लागली नाही तर वरच्या कार्यालयात तक्रार करा. ईएसआयची दर महिन्याला ‘सुविधा समागम’ नावाची तक्रारींची बैठक होते, तिथे समोरासमोर बोलता येतं. शेवटचा दरवाजा कर्मचारी विमा न्यायालयाचा.

आणि वकिलाचं काय? तुम्ही महिला आहात आणि औद्योगिक कामगारही. या दोन्हींपैकी कुठलंही एक कारण विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळायला पुरेसं आहे, उत्पन्न कितीही असो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा आधी १५१०० वर फोन करा. कष्टाच्या पैशातून लोक एजंटला हजारो रुपये देतात आणि ही सोय तशीच पडून राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रॅच्युइटीचा अर्ज याच आठवड्यात मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्याची मुदत ३० दिवसांची असते, पण उशीर झाला एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. सोबत ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात बेकायदा कमी केल्याची तक्रार द्या. समेटाची नोटीस गेली की मालकालाही चौकशी न केल्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा तिथेच तडजोड होते. न झाल्यास ४५ दिवसांनी पुढे दाद मागता येते. यासाठी नव्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका. पुन्हा कामावर घ्या म्हणून खटला चालवायचा का, याबद्दल मात्र मी सावध आहे. असे खटले वर्षानुवर्षं चालतात. तुमच्या वयात, तपासणीच्या अनुभवावर महापे किंवा पावण्याला दुसरं काम मिळण्याची शक्यता मला जास्त मोलाची वाटते. काम मिळालं तर घ्या. त्याने ग्रॅच्युइटीवरचा हक्क जात नाही.

‘आयुष्यात एकदाच’ म्हणून भत्ता पुढच्या संकटासाठी राखून ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. नको. पुढच्या नोकरीत पगार २१,००० च्या वर गेला तर बहुधा तुम्ही ईएसआयच्या बाहेर जाल, मग राखून ठेवलेल्या हक्काचा उपयोग नाही.

यजमानांचा पीएफचा सल्ला मला पटत नाही. तुमच्या खात्यात १,९०,००० आहेत. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. तोच टिकला तर २० वर्षांत याचे सव्वानऊ लाखांच्या आसपास होतात. शिवाय पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, त्यातली सहा तुम्ही भरली आहेत. नव्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्या. भाडं वजा जाता घरात १३,००० उरतात, ते कमी पडणार हे उघड आहे. आधी बँकेतली २२,००० ची आरडी मोडा, सोन्याची वेळ आली तर बँकेतच गहाण ठेवा, आणि क्रेडिट कार्डाला हात लावू नका; त्याचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जातं. पीएफ सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही लागेल तेवढाच.

आजारपणाची धास्ती तुम्ही लिहिली आहे, तिथे थोडा दिलासा आहे. १ एप्रिलपासून १४ ऑगस्टपर्यंत लाभासाठी लागणाऱ्या ७८ हून जास्त दिवस तुमची वर्गणी भरली गेली आहे, त्यामुळे जानेवारी ते जूनचा वैद्यकीय लाभ तुम्हाला मिळायला हवा. डिसेंबरपर्यंतचा त्याआधीच्या वर्गणीतून येतो. शाखेत खात्री करून घ्या, आणि मुलीला वाशीच्या ईएसआय रुग्णालयात दाखवायचं असेल तर नोकरी गेली म्हणून थांबू नका.

कारखान्यातून फोन येईल, ‘हिशोब तयार आहे, येऊन सही करा’ म्हणून. जा, पण यजमानांना सोबत न्या. कागदावर ‘माझी कुठलीही मागणी उरलेली नाही’ किंवा ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं असेल तर सही करू नका. थकलेला पगार घेताना ‘इतर हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख घाला आणि त्या कागदाचा फोटो घेऊनच बाहेर पडा.