ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनच्या सिलिंडरांवरचं झाकण) स्पार्क प्लग घरी बसवताना आटे जाऊ नयेत म्हणून काय करावं?

तुमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, प्लग स्वतः बदलायचे आहेत, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की आट्यांना ग्रीस लावून चांगलं दाबून आवळा. यातला शेवटचा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. टॉर्क रेंच नसला तरी काम नीट होतं, पण दाबून आवळलेला प्लग पुढच्या वेळी हेडचे आटे सोबत घेऊनच बाहेर येऊ शकतो. प्लग पोलादी, हेड मऊ. झटापट झाली की हरतं ते हेडच.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रात्री गाडी लावली, सकाळी काम, हे उत्तम. तापलेलं ॲल्युमिनियम आणखी मऊ असतं, शिवाय तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम हेडवर आवळलेल्या प्लगच्या घट्टपणाचा भरवसा नाही. प्लगवर बसणारी, ठिणगीची वीज देणारी कॉइल काढली की प्लग काढायच्या आधी तो ज्या खोल नळीत बसतो तिच्यात हवा मारा. तळाशी साचलेली वाळू-माती प्लग सुटताच थेट सिलिंडरमध्ये पडते.

जुना प्लग पाव फेरा सुटून अडला तर जोर लावू नका. दोन थेंब पेनिट्रेटिंग ऑइल (अडकलेल्या आट्यांत झिरपणारं तेल) सोडा, थोडा वेळ थांबा, मग किंचित आवळा, किंचित सोडवा, असं करत बाहेर काढा. निघालेल्या प्लगच्या आट्यात चकचकीत पांढऱ्या धातूची तार अडकलेली दिसली तर ते हेडचे आटे आहेत. तिथे नवा प्लग लावायच्या फंदात पडू नका.

नवा प्लग घेताना कोड पूर्ण जुळवा. उदाहरणार्थ एनजीके कंपनीचा सीपीआर8ईए-9 हा मोटरसायकलींमध्ये सर्रास दिसणारा प्लग: सी म्हणजे आट्यांचा व्यास 10 मिलिमीटर, ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर, शेवटचा 9 म्हणजे गॅप, ठिणगी पडते ती फट, 0.9 मिलिमीटर. लांबी चुकली तर जास्तीचे आटे ज्वलनकक्षात उघडे राहतात, त्यावर कार्बन बसतो आणि काढताना तेच हेडचे आटे खरवडतात. इरिडियम प्लगची गॅप हाताने वाकवून बदलू नका, त्याचं टोक फार बारीक असतं. खाली पडलेला प्लग वापरू नका, आतला पांढरा भाग तडकला तरी बाहेरून कळत नाही.

आता मुख्य काम. पेट्रोल पाइपचा वीतभर रबरी तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि त्याच्या आधाराने प्लग खाली सोडा. आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. एका जागी प्लग टक् करून किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. आट्याची सुरुवात तिथे आहे, तिथूनच सुलटा फिरवायला लागा. प्लग तिरपा लागला तर रबर प्लगवरच घसरतं, आटा कापला जात नाही. पान्याला ही जाणीव नसते, तो तिरप्या प्लगलाही आत रेटतो. प्लग तळाला टेकेपर्यंत पाना हातात घ्यायचाच नाही.

टेकल्यावर पाना लावा. वायसर असलेला नवा 14 मिलिमीटरचा प्लग आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा फिरवायचा. वायसर दबताना आधी मऊ लागतं, मग एकदम टणक होतं. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेलं असतं, म्हणून फक्त एक बारांश फेरा. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर एक सोळांश फेरा पुरे. इथे अर्धा फेरा दिलात तर संपलंच.

टॉर्क रेंच मिळाला तर वायसरच्या प्लगसाठी, ॲल्युमिनियम हेडमध्ये: 14 मिलिमीटरला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 ला 15 ते 20, 10 ला 10 ते 12. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. 25 न्यूटन मीटर म्हणजे 25 सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण 10 किलोचा जोर, यावरून अंदाज घ्या. ढिला ठेवणंही वाईट, कारण प्लगची उष्णता आटे आणि वायसरमधूनच हेडमध्ये जाते. ढिला प्लग तापतो आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवायला लागतो.

ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) कोरड्या आट्यांना लावू नका. चांगल्या कंपन्यांच्या प्लगवर गंजरोधक मुलामा असतोच. आटे घसरडे झाले की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, आणि ताण हेडच्या आट्यांवर येतो. डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं) कॉइलच्या रबराच्या आत बोटाने पातळ लावलं तर चालतं.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल किंवा स्लीव्ह, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी किंवा नळी, बसवून हेड वाचतं. हेड न उतरवता करणार असाल तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचा ग्रीसने भरा म्हणजे धातूचा कीस त्यात चिकटतो, दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसा, आणि उरलेला कीस बारीक नळीच्या व्हॅक्यूमने ओढून घेतल्याशिवाय इंजिन फिरवू नका.