वाचक विचारतात : उकड, आयडॉल आणि अंगणातला पडदा

गणपती जवळ आले की आमच्याकडच्या पत्रांत उकडीचा विषय असतोच. यंदा त्याच्या जोडीला जपानी आयडॉल गट, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण कलाकारांचे गट, आणि घरच्या अंगणात सिनेमा दाखवायची हौस हेही आहेत. ज्यांचं उत्तर एका ओळीत भागत नाही, ते प्रश्न आधी घेतले आहेत.

विकतच्या पिठीचे मोदक करते. पारी करताना कडा फाटतात, आणि नेटाने वळले तरी वाफवताना दोन-तीन फुटतातच. पाणी वाढवून पाहिलं, तर उकड हाताला चिकटते. चुकतं कुठे? – एक वाचक, गुहागर

पाण्याच्या मापापेक्षा पाण्याची उकळी तपासा. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नाही. पिठीतला स्टार्च कडक गरम पाण्यात फुगून शिजला, तरच पारी ताण धरते. पातेल्याच्या तळाशी नुसते बुडबुडे दिसताच पिठी टाकली, तर थोडी शिजते, थोडी कोरडीच राहते, आणि पारी नेमकी त्या कोरड्या जागी फाटते. पाणी वाढवलं की शिजलेला भाग चिकट होतो, कच्चा मात्र कच्चाच राहतो. म्हणून तुम्हाला दोन्ही त्रास एकदम होतात.

अकरा मध्यम मोदकांसाठी पाव लिटरची एक वाटी पिठी आणि तेवढंच पाणी घ्या. पिठी दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर पाणी सव्वा वाटी लागतं. पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घाला. पाणी खळखळून उकळलं की गॅस बारीक करून सगळी पिठी एकदम घाला आणि उलथण्याच्या दांड्याने भराभर ढवळा. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढा, गॅस बंद करा आणि आणखी पाच मिनिटं झाकण उघडू नका. ही शेवटची पाच मिनिटं घाईत गाळली जातात, पण आत राहिलेली गुठळी त्याच वाफेत शिजते.

मग उकड परातीत काढून गरम असतानाच मळायची. हात सोसत नसेल तर आधी वाटीच्या बुडाने रगडा, मग पाण्याचा आणि तेलाचा हात लावून चांगली मळून घ्या. झाली की नाही हे पाहायला लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर चपटा करा. कडेला बारीक चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून आणखी दोन मिनिटं मळा. कड गुळगुळीत राहिली की पाऱ्या करायला घ्या. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा. पंख्याखाली उघडी राहिली तर वरचा थर सुकतो आणि चिरा परत पडतात.

पारी मध्ये जरा जाड आणि कडेला पातळ हवी. पुष्कळदा उलट होतं, आणि मग मोदक बुडाशी फुटतो, कारण सारणाचं सगळं वजन तिथेच असतं. कळ्या कडेवर न घेता अर्ध्या उंचीपासून चिमटीत धरून वर आणा. तशा घेतल्या की तोंड मिटताना त्या आपोआप जवळ येतात.

वाफवताना फुटण्याची कारणं वेगळी. पहिलं म्हणजे ओलं सारण. दीड वाटी ओल्या खोबऱ्याला पाऊण वाटी चिरलेला गूळ घ्या. गूळ विरघळून पाणी सुटतं, ते आटून सारण कढईच्या कडा सोडू लागलं की लगेच उतरवा. त्यापुढे गेलं तर गार झाल्यावर दगड होतं. सारण पूर्ण गार करूनच भरा, गरम सारणाने पारी आतून मऊ पडते. दुसरं कारण म्हणजे मोदकपात्राच्या झाकणावरून ठिबकणारं पाणी. झाकणाला आतून पंचा बांधा. खाली पाण्याला उकळी आल्यावरच मोदक ठेवा, आणि ठेवण्यापूर्वी प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून काढा. खाली हळदीचं पान असू द्या. दहा ते बारा मिनिटं पुरे. वीस मिनिटं ठेवलेला मोदक खाली बसतो.

घरी पिठी करणार असाल तर नवा आंबेमोहोर घ्या, तो चिकट असतो. तांदूळ धुऊन निथळून सावलीत, पंख्याखाली फडक्यावर पसरा. पावसाळ्यात पूर्ण सुकायला दोन दिवस धरा. दमट तांदळाच्या पिठीला चार दिवसांत वास येतो. गिरणीत तांदळावरच दळून मागा. आधीच्या दळणातली ज्वारी-गहू मिसळले तर पारीला डाग पडतात आणि ती खरखरीत होते. उरलेल्या उकडीत जिरं, मिरची, मीठ घालून निवग्र्या करा. त्या मोदकांइतक्याच मनापासून केल्या पाहिजेत, असं आमचं ठाम मत आहे.

सोलकढी थोड्या वेळाने फुटल्यासारखी दिसते. बाटलीतलं आगळ वापरलं की खारटही होते. – एक वाचक, कुडाळ

आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मिठात मुरवलेलं असतं, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चव घ्या. बहुतेक वेळा मीठ लागतच नाही. एका नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून दोन-अडीच वाट्या होतं, त्याला आगळ दोन मोठे चमचे घालून सुरुवात करा. आमसुलं घेणार असाल तर आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळा. कोकमाच्या आंबटपणाने नारळाच्या दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि ठेवून दिलं की चरबी वर तरंगते. म्हणून रस आणि दूध वेगवेगळं ठेवून पानं वाढायच्या वेळी एकत्र करा. गरम करायची नाहीच. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, अॅल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळेचं नको. अमृत कोकमाचा गोड पाक यात चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण दुकानात बाटल्या शेजारीशेजारी असतात.

मुलगी कॉलेजात आहे, तिला जपानी आयडॉल गटांचा नाद आहे. वाढदिवसाला तिला एक सीडी मागवून द्यायची आहे, पण एकाच गाण्याच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी? तिच्या बोलण्यातलं काही समजलं तर बरं. – एक पालक, चिपळूण

तुम्ही विचारलंत हेच तिला भेटीइतकं आवडेल.

जपानमध्ये एकाच सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या सीडीच्या, आवृत्त्यांवर टाइप ए, बी, सी असे शिक्के असतात. मुख्य गाणं सगळीकडे तेच, सोबतची गाणी आणि व्हिडिओची तबकडी बदलते. ‘शोकाई’ म्हणजे पहिल्या छपाईची मर्यादित आवृत्ती, तिच्यात बहुधा डीव्हीडी किंवा ब्लू-रे असते. ‘त्सूजो’ म्हणजे साधी आवृत्ती, पुष्कळदा नुसती सीडी. एकेबी४८ सारख्या गटाची ‘गेकिजो’ म्हणजे थिएटर आवृत्तीही असते. तिच्यात व्हिडिओ नसतो, कलाकारांना भेटण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट असतं. इथे बसून त्या तिकिटाचा उपयोग नाही, म्हणून ती टाळा.

हे सगळं असं का, ते कळलं की तिचं बोलणंही कळेल. एकेबी४८ हा गट २००५ च्या डिसेंबरात टोकियोच्या आकिहाबारा भागातल्या, सुमारे अडीचशे प्रेक्षकांच्या छोट्या थिएटरात सुरू झाला. जिला जाऊन भेटता येईल अशी कलाकार, ही त्यामागची कल्पना. सीडीसोबत हस्तांदोलनाचं तिकीट आणि २००९ ते २०१८ या काळात कोणत्या मुलीला पुढे उभं करायचं यासाठीचं मतपत्रही येई. म्हणून तिथले चाहते एकच सीडी अनेकदा घेत. ‘ओशी’ म्हणजे गटातली आपण जिच्या पाठीशी आहोत ती. वाढदिवसाला ओशीचा फोटो असलेली आवृत्ती मिळाली तर सोनं. तेवढं मात्र तिच्याकडून हळूच काढून घ्या.

तांत्रिक गोष्ट एक. गाण्याची सीडी कुठल्याही प्लेअरवर वाजते. तबकडी कुठल्या देशांत चालावी, यासाठी जग ‘रीजन’मध्ये वाटलेलं आहे. जपानी डीव्हीडी रीजन २ ची असते, आपला देश रीजन ५ मध्ये येतो. ब्लू-रेमध्ये जपान ए, आपण सी. त्यामुळे इथला साधा प्लेअर ती तबकडी नाकारू शकतो. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचदाच, आणि नंतर तो कायमचा अडकतो. पाचवा बदल करण्याआधी विचार करा. प्लेअरची सोय नसेल तर साधी आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशांत पेनलाइट.

पेनलाइट म्हणजे कार्यक्रमात हलवायची रंग बदलणारी दांडी. मोमोइरो क्लोव्हर झेड या गटात प्रत्येकीचा रंग ठरलेला आहे: कानाको लाल, शिओरी पिवळा, आयाका गुलाबी, रेनी जांभळा. जी गाते तिचा रंग लावायचा, म्हणून बटणांनी रंग पटकन बदलता येणारीच दांडी घ्या. बऱ्याच दांड्यांत तीन बारीक ट्रिपल-ए सेल लागतात. वापर झाला की सेल बाहेर काढा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत आत राहिलेले सेल गळतात आणि स्प्रिंगला हिरवट बुरशीसारखा थर चढतो.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. संध्याकाळी साडेसहाचा थेट कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला येतो, म्हणजे जेवणानंतरच्या डुलकीच्या वेळी घरातून ‘टायगर, फायर, सायबर, फायबर’ अशा आरोळ्या आल्या तर घाबरू नका. त्याला ‘मिक्स’ म्हणतात. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावर चाहते ती एका सुरात म्हणतात. दुसऱ्या वेळी तीच यादी जपानी शब्दांत येते, आणि तिच्यात ‘आमा’ हा शब्द आहे. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका. मालवण-देवगडकडच्या वाचकांना हे ऐकून नक्की आनंद होईल.

जमवलेले आयडॉलचे फोटो पावसाळ्यात एकमेकांना चिकटले आणि काहींवर पांढरे ठिपके आले. आता काय करू? – एक वाचक, रत्नागिरी

चिकटलेले फोटो ओढू नका, वरचा थर निघून येतो. फोटो खऱ्या फोटो-कागदावर छापलेले असतील तर स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास भिजवून हळूच सुटे करा आणि उताणे वाळवा. इंकजेटवर छापलेल्यांना पाणी लावायचं नाही, त्यांची शाई पसरते. पांढरे ठिपके बुरशीचे. पंख्याखाली पूर्ण सुकवून मऊ, कोरड्या ब्रशने झटका, घराबाहेर.

पुढच्या वर्षीसाठी: जपानी ‘नामाशाशिन’, म्हणजे आयडॉलचे छापील फोटो, ८९ बाय १२७ मिलिमीटरचे असतात, म्हणजे आपल्याकडचे साडेतीन बाय पाच इंच. फोटो स्टुडिओत त्याच मापाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या मागा. वास येणारं, लवचीक पीव्हीसी नको, ते काही वर्षांत फोटोला धरतं. एका पिशवीत एकच फोटो. पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पाच लिटरच्या डब्याला पन्नास ग्रॅम सिलिका जेल घाला. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा भांड्यात तापवू नका. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडा. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि किडे मात्र आणतो. डबा भर पावसात उघडायचा नाही, उघडीप असलेल्या दुपारी उघडा.

चाकरमानी येतात तेव्हा अंगणात प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवायचा आहे. ९००० ल्युमेनचा स्वस्तातला प्रोजेक्टर दिसतो. चालेल का? – एक वाचक, सावंतवाडी

तो आकडा बाजूला ठेवा आणि डब्यावर ‘अॅन्सी ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती लिहिलाय ते पाहा. ते लिहिलंच नसेल तर घेऊ नका. हिशेब सोपा आहे. थिएटरात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १४ ल्युमेन प्रकाश धरतात. आठ फूट रुंद पडदा साडेचार फूट उंच होतो, म्हणजे ३६ चौरस फूट. ३६ गुणिले १४, झाले ५०४. काळोखात पाचशे खरे ल्युमेन पुरतात. पण अंगणात ओटीवरचा दिवा आणि शेजारची रोषणाई असतेच, म्हणून आठशे ते हजार घ्या.

अंतराचा हिशेब ‘थ्रो रेशो’वरून करा, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो १.५ असेल तर आठ फुटांच्या चित्राला बारा फूट अंतर लागतं. टेबल पडद्यासमोर सरळ ठेवा. प्रोजेक्टर तिरपा ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरपं चित्र सरळ करणाऱ्या सोयीने, चित्र चौकोनी केलं तर बारीक अक्षरं पुसट होतात, आणि सबटायटल वाचताना ते जाणवतं. एकपदरी चादरीतून निम्मा उजेड मागे जातो. जाड पांढरं कापड दुहेरी, ताणून बांधा. चकचकीत फ्लेक्स नको, मध्येच उजेडाचा गोळा दिसतो.

भाद्रपदात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे साडेसातच्या आधी सुरू करू नका. आवाजाला ब्लूटूथ टाळा. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. साधी वायर लावा. एसीच्या खोलीतून प्रोजेक्टर बाहेर आणला की भिंगावर वाफ धरते, अर्धा तास तसाच राहू द्या आणि भिंग पुसू नका. वीज जाते-येते, म्हणून यूपीएस हवाच. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा मध्येच बंद पडला तर दिव्याचं आयुष्य घटतं. घरच्यांपुरता खेळ ठीक आहे. वाडीसाठी किंवा मंडळासाठी जाहीर खेळ करायचा असेल तर चित्रपटाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी आधी घ्या.

थिएटरात उत्तम जागा कोणती? – एक वाचक, अलिबाग

पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध. स्पीकरचा समतोल साधारण त्याच भागात माइक ठेवून लावतात. मागच्या भिंतीला टेकलेल्या रांगेत खर्ज घुमतो. खेळ थ्रीडी नसतानाही चित्र काळवंडलेलं वाटलं, तर थ्रीडीची काच भिंगापुढे राहिलेली असू शकते. सुरुवातीची नावं पडत असतानाच बाहेर जाऊन मॅनेजरला सांगा. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धा सिनेमा अंधारात जातो.