वाचकांचे प्रश्न : ऊन पाण्याचा निवांत दिवस

प्रश्न : नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येईल असं गरम पाण्याच्या झऱ्याचं ठिकाण कोणतं? देवदर्शन झालं तर उत्तम, पण मुख्य हेतू आरामाचा आहे. गर्दी अजिबात नको. (इंदिरानगर)

उत्तर : खुद्द नाशिकमध्ये असा झरा नाही. सगळ्यांत सोयीचा पट्टा कसारा घाट उतरल्यावर, भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी आहे : वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. तिन्ही गावं एकमेकांना लागून आहेत. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घाटात वाहतूक अडली नाही तर तीन ते साडेतीन तास. चोपडा तालुक्यातलं उनपदेव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, जास्त निवांतही आहे, पण नाशिकहून तिथे मुक्काम करायच्या तयारीनंच जावं. एका दिवसात जाऊन येण्याच्या धावपळीत अंग मोकळं होण्याऐवजी आखडतं.

गर्दी टाळायची तर जागेपेक्षा वार महत्त्वाचा. मंगळवार देवीचा आणि रविवार सहलीचा, म्हणून हे दोन सोडा. नवरात्र, महाशिवरात्र आणि चैत्र अमावास्येच्या जत्रेचे दिवसही सोडा. बुधवार-गुरुवारी पहाटे पाचला निघालात तर नऊच्या आत पोहोचाल, आणि तेव्हा कुंडांवर गावातली थोडीच माणसं असतात. ऋतू डिसेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये बाहेर आल्यावर शरीराला उष्णता टाकायला जागाच उरत नाही, त्यामुळे थकवा येतो. पावसाळ्यात तानसा भरली की काठचे कुंड गढूळ पाण्याखाली जातात, तेव्हा तिकडे फिरकूच नका.

देवळात आधी जा. वसईच्या मोहिमेवेळी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मधल्या विजयानंतर देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. देऊळ उंचावर आहे, पायऱ्या चढाव्या लागतात. ऊन पाण्यातून निघून पायऱ्या चढलात तर हमखास गरगरतं, म्हणून क्रम उलटा करू नका.

उघड्या कुंडात उतरणं नको असेल तर अकलोली-गणेशपुरीच्या काही लॉजवर झऱ्याचं पाणी खोलीतल्या टाकीत घ्यायची सोय असते. पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा : टाकी प्रत्येक वेळी रिकामी करून घासतात का, आणि भरायला किती वेळ लागतो. शक्य असेल तर टाकी तुमच्यासमोर भरून घ्या. आधीच भरून ठेवलेल्या, तवंग दिसणाऱ्या टाकीला नकार द्यायला संकोच करू नका.

प्रश्न : आईचं वय ६४, रक्तदाबाची गोळी रोज चालू. तिला कुंडात किती वेळ बसवावं? मागे एकदा बाहेर पडताना तिला अंधारी आली होती. (गंगापूर रोड)

उत्तर : आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा : ‘४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसलं तर चालेल का?’ नुसतं ‘गरम पाण्याची अंघोळ’ म्हटलंत तर ते घरच्या बादलीचा विचार करतील. गोळी आपल्या मनानं पुढे-मागे करू नका. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तेही सांगा, कारण घाम आणि गोळी मिळून अंगातलं पाणी जास्त जातं.

अंधारी येण्याचं कारण असं. उष्णतेनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. पाण्यात बसलेलं असेपर्यंत भोवतालच्या पाण्याचा दाब पायांवर असतो आणि तो रक्त वर ढकलत राहतो. माणूस झटकन उभा राहून बाहेर आला की तो दाब जातो, रक्त पायांत उतरतं, मेंदूकडे क्षणभर कमी पोहोचतं. घात पाण्यातून निघण्याच्या घडीला होतो, त्यामुळे सगळी खबरदारी तिथेच लावायची.

पाण्याचं तापमान हाताच्या तळव्यानं जोखू नका. रोज कढत भांडी हाताळून तळवा निबर झालेला असतो. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवा, आणि जमलं तर स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर सोबत न्या. ३८ ते ४० अंश सुखाचे. ४२ च्या वर वयस्कर माणसानं उतरू नये. शेजारशेजारच्या दोन कुंडांत चांगला फरक असू शकतो, शिवाय झऱ्याच्या तोंडापाशी पाणी जास्त कढत असतं. म्हणून एक कुंड पारखलं म्हणजे सगळी पारखली असं होत नाही.

पहिली तीन-चार मिनिटं नुसते गुडघ्यापर्यंत पाय. मग कमरेपर्यंत. छातीपर्यंत पाणी आईसाठी नकोच, कारण छातीवरच्या दाबानं हृदयावरचं काम वाढतं. एकूण दहा मिनिटं झाली की कठड्यावर बसायचं, पाय पाण्यातच ठेवून दोन मिनिटं. नंतर कुणाचा तरी हात धरून उठायचं. पुढचा अर्धा तास सावलीत पंचा पांघरून आडवं पडायचं, एक पेला साधं पाणी घोट-घोट प्यायचं. खरा आराम या अर्ध्या तासातच मिळतो, आणि बहुतेक जण नेमका हाच वाचवायला बघतात. तरण्या माणसांनी पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या तरी चालतात, आईसाठी दोन पुरे.

जेवणानंतर दीड तास जाऊ द्या. अगदी उपाशीपोटीही नको, दोन इडल्या किंवा वाटीभर उपमा बरा. आदल्या रात्रीची किंवा त्या दिवशीची वाइन, बिअर काहीही नको, कारण मद्यानंही रक्तवाहिन्या सैलावतात आणि दोन्ही परिणाम एकावर एक चढतात.

ताप असताना, उघडी जखम असताना, गरोदरपणात आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी उतरूच नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय भाजतात तरी कळत नाही. अशांनी थर्मामीटरशिवाय पाय बुडवू नयेत.

प्रश्न : कुंडात उतरल्यावर चांदीचे पैंजण काळे पडले. पाणी खराब होतं का? (सातपूर)

उत्तर : नाही. झऱ्याच्या पाण्यातल्या गंधकाच्या वायूची चांदीशी क्रिया होऊन काळा थर बसतो. वाडग्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, वर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि कढत पाणी ओता. पाच मिनिटांत बराचसा थर निघतो. खडे किंवा मीनाकारी असेल तर हा उपाय नको, सराफाकडे द्या. पुढच्या वेळी दागिने घरी ठेवा.

बंदिस्त खोलीत मात्र हाच वायू साठतो. काही वेळानं नाकाला वास येईनासा होतो, तेव्हा वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. झरोका उघडा ठेवूनच टाकीत बसा.

प्रश्न : या पाण्यानं त्वचारोग बरे होतात, हे खरं आहे का? थोडं पाणी प्यावं का, डोकं बुडवावं का? (पंचवटी)

उत्तर : पिऊ नका. डोकंही बुडवू नका, आणि मुलांना सूर तर मारूच देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जीव जातो. नाक पाण्याच्या वर ठेवलं की हा धोका टळतो.

आखडलेले सांधे आणि दुखरी पाठ यांना उबेनं खरोखर आराम पडतो. त्वचेबाबत सांभाळून बोलायला हवं. इसब किंवा कोरडी, खाजरी कातडी असलेल्यांचा त्रास कढत पाण्यानं बऱ्याचदा वाढतो, कारण कातडीवरचं नैसर्गिक तेल धुऊन निघतं. बाहेर आल्यावर साध्या कोमट पाण्यानं अंग धुवा, रगडू नका, ओलसर अंगालाच खोबरेल लावा. कुंडात साबण नेऊ नका. त्यानं पुढच्या माणसाचं पाणी नासतं.

कुंड पारखायची खूण म्हणजे एका बाजूनं पाणी येताना आणि दुसरीकडून वाहून जाताना दिसलं पाहिजे, आणि तळ दिसला पाहिजे. पायऱ्यांवर शेवाळ असेल तर बसून उतरा.

प्रश्न : आपल्याकडे ज्वालामुखी नाही, मग पाणी तापतं कसं? (शाळकरी वाचक, नाशिकरोड)

उत्तर : पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल जातं. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापून दुसऱ्या भेगेनं भरभर वर येतं. वाटेत रेंगाळलं तर ते थंड होऊनच बाहेर पडतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी झऱ्याशी ७० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे त्यात हात घातला तर भाजेलच.

प्रश्न : आजोबांना प्रवास झेपत नाही. जानेवारीच्या थंडीत त्यांचे गुडघे फार धरतात. घरीच काही करता येईल का? (सिडको)

उत्तर : पायांचं ऊन स्नान करा. पिंडरीपर्यंत पाय बुडतील अशी उंच बादली घ्या. थंडीत नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास धरलं, तर नऊ लिटर नळाचं आणि तीन लिटर उकळतं मिळून बारा लिटर पाणी साधारण ४० अंशांचं होतं. थंड पाणी आधी, उकळतं नंतर, ढवळून कोपरानं तपासा, आणि मगच पाय आत. आधी उकळतं ओतून वर थंड घालत बसलं की घाईत पाय भाजतात. पंधरा मिनिटं पुरेत. पाणी निवलं तर पाय बाहेर काढूनच नवं गरम घाला. गुडघ्यांवर त्याच पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा, दर तीन-चार मिनिटांनी बदला. तीळतेल लावायचं असेल तर पाय पुसल्यावर आणि आजोबा पलंगावर बसल्यावर लावा. तेलकट तळव्यांनी फरशीवर पाऊल टाकलं की घसरलेच.

हे सगळं बैठकीच्या खोलीत करा, न्हाणीघरात नको. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, खिडकी थंडीमुळे बंद असेल आणि माणूस ऊन पाण्यात रेंगाळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. आधी गुंगी येते, मग उठवत नाही, आणि हिवाळ्यात अशा घटना घडतात. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, आणि असा गिझर शक्य तितक्या लवकर न्हाणीघराबाहेर हलवून घ्या.